मुदतीआधी फ्रीलान्स करार सोडायचा आहे, पण नोटीस पिरियड आडवा येतोय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा महिन्यांचा फ्रीलान्स करार, त्यातले दोन महिने झालेत. करारात ३० दिवसांची नोटीस आहे. दुसरीकडून वर्षभराचं काम चालून आलंय आणि ते दोन आठवड्यांत सुरू करायचंय. मागच्या महिन्याचं बिल अजून मिळालेलं नाही. नोटीस पूर्ण न करता निघालं तर क्लायंट कोर्टात जाईल का, आणि थकलेले पैसे बुडतील का?

मी अठरा वर्षं फ्रीलान्स तांत्रिक लेखन करतेय. गेली काही वर्षं सोबतच्या लोकांचे करार सहीआधी आणि भांडणानंतर वाचून देते. वकील मी नाही. पण असे निघण्याचे प्रसंग बरेच जवळून पाहिलेत, त्यातले तीन माझे स्वतःचे.

तुम्हाला निघता येईल, बहुधा दोन-तीन आठवड्यांत आणि पैशांसकट. फक्त नोटीस मोडून निघू नका, ती कमी करून घेऊन निघा. दोन्हींत तुम्ही त्याच तारखेला बाहेर पडता. पण एकात क्लायंटचा लेखी होकार तुमच्या हातात असतो आणि दुसऱ्यात क्लायंटची तक्रार.

आज क्लायंटला काहीच लिहू नका. आधी करार उघडा आणि नोटिशीचं कलम सावकाश वाचा. पहिली गोष्ट पाहायची ती ही की नोटीस देण्याचा हक्क कोणाला आहे. ‘दोन्हींपैकी कोणताही पक्ष ३० दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकेल’ असं असेल तर प्रश्न फक्त दिवसांचा आहे. पण ‘क्लायंट ३० दिवसांची नोटीस देऊन करार संपवू शकेल’ एवढंच लिहिलेले करार मी कितीतरी पाहिलेत. सही करताना आपण ‘३० दिवस’ वाचतो, कर्ता वाचत नाही. तसं असेल तर नोटीस देऊन निघण्याची वाट तुम्हाला करारानं दिलेलीच नाही आणि तुम्ही सहा महिन्यांना बांधलेले आहात. मग मार्ग उरतात दोन: दोघांच्या संमतीनं करार संपवणं, किंवा क्लायंटनंच करार मोडला असल्याचं दाखवणं. दुसऱ्याकडे खाली येते.

मग मोजणी. दिवस कॅलेंडरचे की कामाचे? कामाचे ३० दिवस म्हणजे सहा आठवडे होतात. मोजायचे नोटीस पाठवल्यापासून की मिळाल्यापासून? ईमेल चालते की पोस्टानं पाठवायची, आणि कोणत्या पत्त्यावर? रोज ज्या मॅनेजरशी तुम्ही बोलता त्याला पाठवलेला मेसेज बऱ्याच करारांत नोटीस ठरत नाही. मुख्य करार वेगळा आणि कामाचा तपशील सांगणारी पुरवणी वेगळी असेल, तर दोन्ही वाचा. मुख्य करारात ३० आणि पुरवणीत १५ दिवस असं मी पाहिलंय. दोन्हींत विसंगती असेल तर कुठला कागद वरचढ हे सांगणारं कलम सहसा शेवटच्या पानांवर असतं. काम एजन्सीमार्फत मिळालं असेल तर तुमचा करार एजन्सीशी आहे; एजन्सी आणि क्लायंट यांच्यात काय ठरलंय ते तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि नोटीसही एजन्सीलाच द्यायची.

त्याच पानांवर कुठल्या देशाचा कायदा लागू आहे हेही असतं. ते पाहा, कारण याबाबत कायदे सारखे नाहीत. जर्मनीच्या नागरी संहितेत कलम ६२१ सेवेच्या करारांसाठी नोटीस पगाराच्या हप्त्यावर ठरवतं: मोबदला महिन्यानं असेल तर १५ तारखेपर्यंत सांगायचं आणि महिनाअखेरीस मोकळं व्हायचं. त्याच संहितेचं कलम ६२७ विशेष विश्वासावर चालणाऱ्या वरच्या दर्जाच्या सेवेत केव्हाही निघू देतं, पण अवेळी, म्हणजे समोरच्याला दुसरा माणूस मिळवायला वावच न ठेवता निघालात, तर नुकसान भरून द्यायला लावतं. मला या दुसऱ्या कलमातला विचार फार आवडतो. नोटीस कशासाठी असते ते त्यात नेमकं आलंय: तुम्हाला धरून ठेवायला नव्हे, समोरच्याला तुमची जागा भरायला वेळ मिळावा म्हणून.

आता कोर्टाची भीती. क्लायंट तुम्हाला जबरदस्तीनं काम करायला लावू शकेल का? नाही. यामागे एक जुना आणि गाजलेला खटला आहे. १८५२ साली योहाना वाग्नर ही जर्मन गायिका लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये तीन महिने गायला कबूल झाली होती, आणि त्या काळात लेखी परवानगीशिवाय दुसरीकडे गाणार नाही असंही तिनं मान्य केलं होतं. कॉव्हेंट गार्डन या दुसऱ्या थिएटरच्या फ्रेडरिक गाय यांनी जास्त पैसे देऊ केले आणि ती तिकडे निघाली. पहिल्या थिएटरचे बेंजामिन लमली कोर्टात गेले. लॉर्ड चॅन्सेलर सेंट लेनर्ड्स यांनी सांगितलं की तिला गायला लावणं आपल्या हातात नाही. पण दुसरीकडे गाण्यापासून मात्र त्यांनी तिला रोखलं. पुढच्या वर्षी त्याच लमलींच्या गाय यांच्यावरच्या खटल्यात कोर्टानं तत्त्व मान्य केलं की करार मोडायला फूस लावणाऱ्यालाही जबाबदार धरता येतं. भारतातही हाच विचार आहे: १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम १४ व्यक्तीच्या स्वतःच्या कौशल्यावर अवलंबून असलेलं काम सक्तीनं करवून घेऊ देत नाही, आणि कलम ४२ ‘अमुक करणार नाही’ या कबुलीची मात्र अंमलबजावणी करू देतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. करारात ‘मुदत चालू असताना इतरांचं काम घेणार नाही’ किंवा ‘प्रतिस्पर्ध्याचं काम घेणार नाही’ असं वाक्य आहे का ते आज रात्रीच पाहा. नसेल तर कोर्टाची अर्धी भीती इथेच संपते. असेल आणि नवा क्लायंट त्या व्याख्येत बसत असेल, तर तुमच्या प्रकरणातला खरा धोका ३० दिवसांत नाही, या वाक्यात आहे, आणि नव्या क्लायंटलाही त्याची झळ लागू शकते. करार संपल्यानंतरचं बंधन हा वेगळा विषय. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ अशी बंधनं साधारणपणे निरर्थक ठरवतं. इंग्लंडमध्ये वाजवी असतील तर ती टिकतात.

राहिली नुकसानभरपाई. धमकीच्या ईमेलमध्ये आकडे नेहमी मोठे असतात: प्रोजेक्ट लांबला, अमुक ग्राहक गेला, सगळं तुमच्यामुळे. कायदा इतका लांब जात नाही. १८५४ च्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यात ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा मोडलेला दांडा पोचवायला वाहतूकवाल्यांनी उशीर केला आणि गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. बुडालेला नफा मालकाला मिळाला नाही, कारण दांडा न पोचल्यास गिरणी बंद राहील हे करार करताना वाहतूकवाल्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. भारतीय करार कायद्याचं कलम ७३ याच वळणाचं आहे: नुकसान त्या गोष्टीतून ओघानं झालेलं किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेलं हवं, आणि ते टाळायला समोरच्याकडे काय साधनं होती हेही मोजायचं.

आकड्यात बघू. तुमची महिन्याची फी १०० धरा. तुम्ही नोटिशीचे निम्मे दिवस काम करून निघालात आणि क्लायंटनं ऐनवेळी १४० च्या दरानं माणूस आणला. तुम्ही न भरलेल्या १५ दिवसांसाठी त्यानं ७० मोजले, तुम्हाला द्यायचे ५० वाचले. नुकसान २०. उरलेल्या चार महिन्यांचं नाही, कारण कलम दोघांना लागू असेल तर तुम्ही ३० दिवसांत कायदेशीरपणे जाऊच शकत होता. या २० साठी वकील लावणारा क्लायंट मी अजून पाहिलेला नाही. पण कलम एकतर्फी असेल तर हा हिशोब चार महिन्यांवर जातो, म्हणून कर्ता वाचा म्हणाले.

करारात ‘मुदतीआधी सोडल्यास इतकी रक्कम द्यावी लागेल’ असा ठोक आकडा असेल तरी घाबरून जाऊ नका. भारतात करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो आकडा वरची मर्यादा असतो; मिळते ती वाजवी भरपाई. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये कॅव्हेंडिश प्रकरणात कसोटी घातली ती अशी की रक्कम समोरच्याच्या रास्त हिताच्या मानानं अवाच्या सवा नसावी. म्हणून आकडा छापलेला आहे एवढ्यानं तो देणं लागत नाही.

कोर्टापेक्षा खरं दुखणं असतं शेवटच्या बिलाचं. क्लायंट दावा करत नाही, पैसे धरून ठेवतो. इथे क्रम महत्त्वाचा. नोटिशीआधी आजपर्यंतच्या झालेल्या कामाचं बिल पाठवा, आणि कामाला जी लेखी मंजुरी मिळाली असेल ती त्यात नमूद करा. तुमचं पेमेंट दर महिन्याला असेल तर सोपं आहे. टप्प्यांवर असेल आणि तुम्ही टप्प्याच्या मध्यावर असाल तर जपून. १७९५ चा कटर विरुद्ध पॉवेल खटला मी प्रत्येक नव्या फ्रीलान्सरला सांगते. जमैकाच्या किंग्स्टनहून लिव्हरपूलला निघालेल्या जहाजावर कटर दुय्यम अधिकारी होता. लिव्हरपूलपर्यंत काम केल्यास ३० गिनी असं ठरलं होतं. तो वाटेत वारला आणि त्याच्या पत्नीला एक पैसाही मिळाला नाही, कारण मोबदला पूर्ण प्रवासाचा होता. आज अनेक ठिकाणी कायदा इतका कठोर राहिलेला नाही, तरी ‘टप्पा पूर्ण झाल्यावर’ असे शब्द असतील तर अर्ध्या टप्प्याचे पैसे मागताना तुमची बाजू लंगडी पडते. दोन दिवस जास्त बसून टप्पा पूर्ण करा, मंजुरी घ्या, मग नोटीस द्या. दोन आठवड्यांतले हे दोन दिवस वाया जात नाहीत.

थकलेलं बिल हे निघण्याचं कारण म्हणून वापरू का, असं तुमच्या मनात असणारच. वापरता येतं, पण रांगेनं. करारात बहुधा असं असतं की चूक लेखी कळवायची, दुरुस्तीला ठरावीक दिवस द्यायचे, आणि तरीही सुधारणा झाली नाही तर करार संपवायचा. हे दिवस न देता ‘तुम्ही पैसे थकवले म्हणून मी चाललो’ असं म्हणालात तर करार मोडणारे तुम्ही ठरू शकता. आठवडाभराचा उशीर आणि दोन महिन्यांचा उशीर यांचं वजनही सारखं नाही. म्हणून बिलाची आठवण एका ईमेलमध्ये आणि निघण्याची नोटीस दुसऱ्या ईमेलमध्ये ठेवा. बिलाच्या ईमेलमध्ये तुमच्या बाजूचा नियम लिहायला संकोच नको. भारतात तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्यानं क्लायंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढीनं व्याज लागतं. युरोपीय संघात २०११ च्या निर्देशाप्रमाणे थकीत व्यावसायिक बिलावर मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा किमान ८ टक्के जास्त व्याज आणि किमान ४० युरो वसुलीखर्च मागता येतो. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून फ्रीलान्सरांसाठी स्वतंत्र कायदा आहे: पैशांची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत मोबदला.

फाइल्स अडवून ठेवू नका. हे मी कळकळीनं सांगते. ‘पैसे द्या, मग पासवर्ड देतो’ असं म्हणताच भांडणात तुमची चूक पहिल्या ओळीत जाते. क्लायंटचे ॲक्सेस, क्लायंटचा डेटा त्याचाच आहे. तुमच्या हातात कायदेशीर पकड असते ती तुम्ही केलेल्या कामावरच्या हक्कांची: ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातील’ असं कलम असेल, तर त्या कलमाची शांतपणे आठवण करून द्या.

आता बोलणं. पहिल्यांदा फोन करा, आणि त्याच दिवशी लेखी नोटीस पाठवा. ईमेलनंच बातमी कळली तर माणूस दुखावतो आणि मग कलमं वाचायला बसतो. कारण एका वाक्यात आणि खरं सांगा. माझ्या दुसऱ्या प्रसंगात मी घरगुती अडचणीचं खोटं कारण दिलं होतं. महिनाभरात नव्या कामाची बातमी जुन्या क्लायंटपर्यंत पोचली. नोटिशीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. खोटेपणाबद्दल होती, आणि ती रास्त होती. त्यांच्याकडून मला पुन्हा काम आलं नाही. ‘मला दीर्घ मुदतीचं काम मिळालंय आणि ते मला सोडायचं नाही’ हे कारण पुरेसं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फोनवर दिवस मागण्याआधी द्यायला काहीतरी घेऊन बसा. क्लायंटला ३० दिवस नको असतात, काम अडू नये असं हवं असतं. ईमेल साधारण असा असू द्या:

‘नमस्कार. आज बोलल्याप्रमाणे, आपल्या कराराच्या अमुक कलमानुसार मी आजच्या तारखेला ३० दिवसांची नोटीस देत आहे. नवीन कामामुळे मला शक्य असल्यास अमुक तारखेला मोकळं व्हायचं आहे. तोपर्यंत चालू टप्पा पूर्ण करून देईन, कामाची लेखी टिपणं आणि सर्व ॲक्सेस सुपूर्द करीन, आणि नवीन व्यक्ती आल्यावर महिनाभर आठवड्याला दोन तास प्रश्नांसाठी उपलब्ध राहीन. आपली संमती असल्यास या ईमेलला उत्तर देऊन कळवावं. संमती नसल्यास नोटिशीची पूर्ण मुदत मी पाळीन.’

शेवटचं वाक्य गाळू नका आणि ते मनापासून लिहा. त्यामुळे तुम्ही करार मोडत नाही आहात, कमी मुदतीची विनंती करत आहात हे कागदावर राहतं. माझ्या अनुभवात याच वाक्यानं समोरचा नरमतो. आणि पूर्ण मुदत पाळायची वेळ आलीच तर एक गोष्ट लक्षात घ्या: तुम्ही कर्मचारी नाही. करारात तासांची हमी नसेल तर नोटीस पिरियड म्हणजे दिवसाचे आठ तास त्यांच्यासाठी राखून ठेवणं नव्हे. करारातलं काम त्या मुदतीत करणं एवढंच. दोन आठवडे दोन्ही कामं थोडी थोडी सांभाळणं थकवणारं आहे, पण शक्य आहे. मी केलंय.

दुसरा फोन नव्या क्लायंटला. हा फोन लोक करतच नाहीत. ‘माझी आधीची नोटीस आहे, सुरुवात दोन आठवडे पुढे नेता येईल का, किंवा पहिले दोन आठवडे अर्धवेळ चालेल का?’ वर्षभराचं काम देणारा माणूस दोन आठवड्यांसाठी सहसा अडून बसत नाही. अडून बसलाच, तर पुढचं वर्ष कसं जाईल याची चुणूक तुम्हाला सहीआधी मिळाली.

होकार आला की कामाला लागू नका, आधी चार ओळींचा समाप्तीचा कागद करून घ्या: करार कोणत्या तारखेला संपतो, तोवरच्या कामाची किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत देणं आहे, काय काय सुपूर्द केलं, आणि ती रक्कम मिळाल्यावर दोघांचं एकमेकांकडे काही देणंघेणं राहत नाही. ईमेलवर दोघांनी ‘मान्य’ म्हटलं तरी बहुतेक वेळा पुरतं, फक्त करारात सहीचाच आग्रह नाही ना ते पाहा. हा कागद नसेल तर सहा महिन्यांनी कोणीतरी नवा मॅनेजर जुनी फाइल उघडतो आणि तुम्हाला पत्र येतं. माझ्या पहिल्या प्रसंगात नेमकं हेच झालं. तोंडी ‘काळजी करू नका’ म्हणणारा माणूस तोवर कंपनी सोडून गेला होता.

शिवीगाळ होत असेल, महिनोन् महिने पैसे नसतील, किंवा बेकायदा काही करायला सांगत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे पुरावे जपा, वकिलाला एकदा भेटा आणि निघा.

फोन करण्याआधी एक काम उरकून ठेवा. सही केलेला करार, सगळी बिलं, मंजुरीचे ईमेल आणि तुमच्या तासांच्या नोंदी यांची प्रत क्लायंटच्या सिस्टिमबाहेर, स्वतःकडे ठेवा. फक्त तुमच्या व्यवहाराचे कागद. त्यांचा डेटा किंवा गोपनीय फाइल एकही नाही. नोटीस मिळाल्यावर काही कंपन्या त्याच तासाला ईमेल खातं बंद करतात, आणि मंजुरीचा तो एक ईमेल नेमका त्यातच असतो.